मोबाइल अनलॉक करणे आणि कस्टम रॉम

मोबाइलवर कंपनीने घातलेले कुलूप काढून त्यात कंपनीचे नसलेले सॉफ्टवेअर टाकण्याची प्रक्रिया. कुलूप काढणे म्हणजे बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक, सॉफ्टवेअर चढवणे म्हणजे फ्लॅशिंग, आणि जे चढवले ते कस्टम रॉम. सोलापुरात नवी पेठेतल्या काउंटरवर या सगळ्याला मिळून ‘सॉफ्टवेअर मारणे’ हा एकच शब्द आहे, आणि गफलत तिथूनच सुरू होते.

कारण ‘अनलॉक करून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात चारपैकी कोणतेही कुलूप असू शकते. पहिले स्क्रीनचे, म्हणजे विसरलेला पॅटर्न किंवा पिन. दुसरे गुगल खात्याचे, ज्याला दुकानदार एफआरपी म्हणतात. फोन रीसेट केल्यावर तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. हे कुलूप अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून आले. तिसरे नेटवर्कचे: फोन एकाच कंपनीचे सिम घेतो. भारतात हे क्वचितच आढळते. पूर्वी रिलायन्सचे सीडीएमए (जुन्या प्रकारच्या नेटवर्कचे) हँडसेट कंपनीशी बांधलेले असत, २०१७ चा जिओफोन फक्त जिओचे सिम घेई, आणि अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला आयफोन कधीकधी इथले सिम नाकारतो. चौथे बूटलोडरचे. कस्टम रॉमसाठी उघडावे लागते ते हेच.

बूटलोडर समजायला सोलापूरकराला लांब जायला नको. जेकार्डच्या मागावर चादरीची नक्षी ठरते ती छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर. माग तोच, सूत तेच. माळ बदलली की मयूरपंखाच्या जागी दुसरी नक्षी उतरते. फोनचे हार्डवेअर हा माग आणि रॉम ही माळ. फरक एवढाच, की फोनमध्ये कंपनीने दारावर एक राखणदार बसवलेला असतो. पॉवरचे बटण दाबले की चिपमधला कायमचा कोरलेला कोड जागा होतो, तो बूटलोडरची डिजिटल सही तपासतो, बूटलोडर पुढच्या भागाची तपासतो, आणि सही जुळली तरच फोन सुरू होतो. अनलॉक करणे म्हणजे या राखणदाराला सही न पाहता आत सोडायला सांगणे.

हे करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि तो मुद्दाम पुसला जातो. तसे नसते तर चोरलेल्या फोनमध्ये कोणीही आपले सॉफ्टवेअर घालून आतले फोटो वाचले असते. चांगला कारागीर म्हणून केबल जोडायच्या आधी विचारतो, ‘मावशी, फोटो जातील सगळे. चालतंय का?’ आमच्या घरी हा प्रश्न विचारला गेला नाही. आईचा फोन पॅटर्न विसरल्यामुळे शहरातल्या एका दुकानात दिला होता. संध्याकाळी तो रीसेट होऊन, छान सुरू होऊन आला, पण गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत काढलेले आजीचे शेवटचे फोटो त्यात नव्हते. कुलूप स्क्रीनचे होते, गुगल खाते चालू होते, फोटो आधी तिथे चढवलेले आहेत का एवढे पाहिले असते तरी पुरे होते. या नोंदीत कुलपांची फोड आधी केली आहे ती त्यासाठी.

प्रत्यक्ष काम असे चालते. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ आणि ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करायचे. मग बहुतेक फोनमध्ये फोन बंद करून आवाज कमी करायचे बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरले की फास्टबूटचा, म्हणजे संगणकाकडून आदेश घेणारा, पडदा येतो. केबल लावून संगणकावरून ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ किंवा त्या कंपनीचा ठरलेला आदेश द्यायचा. फोन एकदा विचारतो, आवाजाच्या बटणाने ‘हो’ निवडायचे. त्यानंतर रिकव्हरी, म्हणजे रॉम चढवायला लागणारा छोटा प्रोग्राम, बहुधा टीडब्ल्यूआरपी नावाचा, आणि त्यातून रॉमची झिप फाइल. पहिल्यांदा सुरू व्हायला पाच-दहा मिनिटे लागतात. तेवढ्यात घाबरून बटण दाबणाऱ्यांनी पुष्कळ काम वाढवले आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात यात दोन गोष्टींची भर पडते. दुपारी पारा ४३ अंशांच्या वर गेला की आधीच तापलेला फोन फ्लॅशिंगमध्ये आणखी तापतो, म्हणून हे काम सकाळी करावे. आणि वीज केव्हाही जाते. फोनला बॅटरी असते, पण डेस्कटॉप संगणक मधेच बंद पडला आणि नेमका बूटलोडरचाच भाग लिहिला जात असेल, तर फोन ‘डेड’ होऊन पडतो. त्यासाठी लॅपटॉप वापरावा किंवा यूपीएस लावावा.

कस्टम रॉमच्या चळवळीचा पाया अँड्रॉइडचा मूळ कोड खुला असण्यात आहे. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक यांनी सुरू केलेले सायनोजेनमॉड हे सर्वांत गाजलेले कस्टम रॉम. २०१४ च्या डिसेंबरात मायक्रोमॅक्सने जाहीर केलेला ८,९९९ रुपयांचा यू युरेका तर सायनोजेन घेऊनच आला. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉड बंद झाले आणि त्याच कोडवर लिनेजओएस उभे राहिले. त्याच वर्षी जॉन वू यांचे मॅजिस्क आले. त्याने मूळ सिस्टिमला हात न लावता फोन रूट करता येतो, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा मालकाला मिळतो.

मराठी माणसाला यात ओढणारे पहिले कारण अक्षरांचे होते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी म्हणजे चौकोनांची रांग. फाँट घातला तरी जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसे. ती अडचण आता इतिहासजमा झाली. आजचे कारण जुन्या फोनचे आयुष्य. रेडमी नोट ४ भारतात २०१७ मध्ये आला आणि कंपनीकडून अँड्रॉइड ७ वर थांबला. कस्टम रॉमवर तोच फोन अँड्रॉइड ११ आणि त्याच्याही पुढे चालला. यंत्रमागावर किंवा विडीकामावर घर चालणाऱ्या शहरात चालता फोन नुसत्या सॉफ्टवेअरपायी टाकून द्यावा लागणे हा अन्याय आहे, आणि तो दूर करणारे हे ज्ञान शिकण्याजोगे आहे असे ठामपणे म्हणता येते.

तरी घरातल्या एकुलत्या एका फोनवर हे करू नये. मेख पैशांच्या व्यवहारात आहे. बँकेची अनेक ॲप आणि काही यूपीआय ॲप फोन अनलॉक आहे का हे गुगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीतून पाहतात आणि असल्यास चालायला नकार देतात. त्यावर तोडगे निघतात, पण ते वारंवार मोडतात. वाइडवाइन एल१ (चित्रपटांची नक्कल रोखणारी सुरक्षा) गेल्याने चित्रपटांची ॲप बऱ्याचदा कमी स्पष्टतेवर येतात. सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज अनलॉक करून दुसरे सॉफ्टवेअर टाकताना एकदा उडाला की परत बसत नाही. शिवाय सगळ्या कंपन्या किल्ली देतही नाहीत: मोटोरोला अनेक मॉडेलना अनलॉकचा कोड देते, शाओमी खाते जोडून काही दिवस थांबायला लावते, हुआवेने २०१८ मध्ये कोड देणे बंद केले. जुनी आवृत्ती परत टाकणेही नेहमी सुरक्षित नसते. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोत अँटी-रोलबॅक (जुनी आवृत्ती नाकारणारी तपासणी) आल्यावर मागे जाऊ पाहणाऱ्या अनेकांचे फोन बंद पडले.

आयएमईआयला, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाला, मात्र हात लावायचा नाही. बूटलोडर उघडणे हा गुन्हा नाही. आयएमईआय बदलणे हा आहे. २०१७ च्या नियमांनी त्याला बंदी केली, आणि दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये अशा छेडछाडीला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. फ्लॅशिंगमध्ये चूक होऊन आयएमईआय पुसला जाऊ शकतो, तेव्हा नेटवर्कच येत नाही. म्हणून आधी ईएफएस या, आयएमईआयची माहिती असलेल्या, भागाची प्रत काढून ठेवतात. जुना फोन घेताना *#०६# दाबून आलेला क्रमांक संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्यावा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला फोन कोणत्याही रॉमने सुरू करून घेऊ नये.

अनलॉक केलेला फोन सुरू होताना दर वेळी इशारा दाखवतो, किंवा लोगोखाली उघड्या कुलपाचे चित्र येते. सेकंडहँड फोन घेणाऱ्याने तो बंद करून पुन्हा चालू करून पाहावा. विकणाऱ्याने आधी कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर पूर्ण परत चढवावे आणि फोन नीट सुरू झाल्यावरच बूटलोडर लॉक करावा. कस्टम रॉम आत असताना लॉक केल्यास राखणदाराला सही जुळत नाही आणि बहुतेक फोन लोगोच्याही पुढे जात नाहीत.