गणवेशाचा कागद

गणवेशाचा कागद : सैनिकाने आपला वापरलेला गणवेश कापून, त्याचा लगदा करून हाताने काढलेला कागद आणि त्यावर युद्धाच्या अनुभवातून केलेली चित्रे, छापे वा लेखन. या पद्धतीला आजचे रूप अमेरिकेत व्हर्मॉन्ट राज्यातील बर्लिंग्टन येथे २००७ मध्ये मिळाले. इराक युद्धातून परतलेले ड्र्यू कॅमेरॉन आणि कागदकार ड्र्यू मॅटॉट यांनी तेथे ‘कॉम्बॅट पेपर’ हा उपक्रम सुरू केला. चिंध्यांपासून कागद करण्याची विद्या जुनीच आहे. येथे चिंधी कोणाची, यालाच अर्थ आला.

युद्धस्मृतीची कला कोकणाला अनोळखी नाही. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. मात्र वीरगळ पडलेल्या वीराचा असतो आणि कोरणारा पाथरवट असतो. परत आलेल्याने स्वतःच्या हाताने सांगायचे माध्यम निराळे हवे. ‘कॅम्प’ म्हणून वसलेल्या दापोलीपासून महाड-खेडच्या गावांपर्यंत फौजेतून पेन्शनीत आलेल्यांची घरे आहेत, आणि पेटीत डांबराच्या गोळ्यांसोबत जपलेले गणवेशही.

कापड पारखणे : सगळे यश कापडावर ठरते. सुती धागा पाण्यात फुगतो, कुटल्यावर त्याचे तंतू फुटून एकमेकांना धरतात. पॉलिएस्टर वा नायलॉन फक्त तुकडे होऊन राहते. शिवणीच्या आत दडलेल्या कापडाचा (शिवणदोऱ्याचा नव्हे) एक धागा जाळून पाहावा : सुताची मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. जुना सुती ड्रिलचा गणवेश उत्तम. टेरिकॉटचा (पॉलिएस्टर-सुताच्या मिश्रणाचा) असल्यास तेवढ्याच वजनाच्या जुन्या सुती धोतराच्या किंवा चादरीच्या चिंध्या मिसळाव्यात, नाहीतर ताव घडीवर तुटतो.

कापणी : बटणे, चेन, वेल्क्रो, इलास्टिक, कॉलरमधले कडक अस्तर काढावे. पदके, नावाची पट्टी, हुद्द्याची चिन्हे वेगळी ठेवावीत. तिरंग्याचा बिल्ला लगद्यात कदापि जाऊ नये. कात्री गणवेशाच्या मालकाच्याच हातात असावी. हुतात्म्याचा गणवेश असेल तर घरच्यांच्या संमतीशिवाय त्याला हात लावू नये. कोणी मध्येच थांबला तर उरलेले कापड त्याला तसेच परत द्यावे. घाई करणे हा या कामातला सर्वांत वाईट दोष आहे. तुकडे दीड-दोन सेंटिमीटरचे. लांब पट्ट्या बीटरच्या (लगदा कुटण्याच्या यंत्राच्या) रुळाला गुंडाळतात आणि लगद्यात दोरखंड होतात.

लगदा : तुकडे रात्रभर भिजवून धुण्याच्या सोड्यात दोन तास उकळावेत, म्हणजे वर्षानुवर्षांचा स्टार्च व घाम सुटतो. नंतर भरपूर धुवावे. हॉलंडर बीटरमध्ये एक किलो कापडाला सुमारे ५० लिटर पाणी लागते. पाती असलेला रूळ सुरुवातीला वर ठेवून हळूहळू खाली आणावा. चार ते सहा तास लागतात. चमचाभर लगदा पाण्याच्या काचेच्या बरणीत ढवळून उजेडात धरावा. गाठी दिसल्या तर काम अपुरे आहे. पुण्याच्या हातकागद संस्थेमुळे (स्थापना १९४०) सुती चिंध्यांच्या कागदाचे तंत्र महाराष्ट्रात रुळलेले आहे.

पाणी हा कोकणातला खरा अडसर. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असले तर महिन्या-दोन महिन्यांत कागदावर तांबूस ठिपके उमटतात. खाडीलगतचे मचूळ पाणी त्याहून वाईट, कारण मीठ कागदात राहून हवेतला ओलावा ओढत राहते. पागोळ्यांचे साठवलेले पाणी दुपदरी फडक्यातून गाळून वापरणे उत्तम.

ताव काढणे : टाकीत लगदा पातळ करून जाळीचा साचा तिरपा बुडवावा, आडवा उचलून दोन्ही दिशांना हलवावा. ओला ताव लोकरी कांबळ्यावर उतरवतात. जुने फौजी ब्लँकेट यासाठी फार चांगले. थप्पी जॅकखाली दाबून ताव फळीला चिकटवूनच वाळवावेत, मोकळे वाळवले की कडा वळतात. एक किलो कोरड्या कापडाच्या लगद्यातून ए-४ आकाराचे, चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचे साधारण शंभर ताव निघतात. चट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशाचा रंग मिसळून राखाडी हिरवा होतो, तो धुऊन पांढरा करण्याचा हट्ट धरू नये.

चित्र : कोरड्या कागदावर शाई, लाकूडछाप, सिल्क-स्क्रीन चालते. या कलेतली खास रीत मात्र लगद्याची छपाई : बारीक कुटलेला रंगीत लगदा जाळीच्या स्टेन्सिलमधून ओल्या तावावर फवारतात. चित्र आणि कागद मग एकाच कापडाचे होतात. शाईने लिहायचे असल्यास जिलेटिनचा हात द्यावा, नाहीतर अक्षर पसरते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कामाचा काळ. जून ते सप्टेंबर ताव वाळत नाहीत, आणि जिलेटिन लावलेल्या तावावर बुरशी आधी धरते. पावसाळ्यात पूर्ण सुकलेले ताव सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवावेत. फौजेतली काळी पत्र्याची पेटी मनाला जवळची असली, तरी किनाऱ्यावर ती आतून गंजते आणि तो गंज कागदावर उतरतो.