गंगदत्त सापावर कधीच बसला नव्हता

पंचतंत्रात बेडकांची दोन राज्यं आहेत आणि गोष्ट सांगणारे सर्रास त्यांचं एक करून टाकतात. गंगदत्ताला सापाच्या पाठीवर बसवतात, जलपादाला विहिरीत टाकतात. मला हे खरोखर खटकतं.

गंगदत्त सगळ्यांना माहीत असतो. विहिरीतला राजा, भाऊबंदकीला वैतागून रहाटगाडग्यातून वर आला आणि प्रियदर्शन सापाला स्वतःच घरी घेऊन गेला. भाऊबंद संपल्यावर साप याच्याच घरावर उलटला. मुलगा यमुनादत्तही गेला.

जलपाद तळ्यातला राजा. काठावर म्हातारा मंदविष साप मलूल बसलेला. बेडूक समजून ब्राह्मणाच्या मुलाचा अंगठा चावलो, म्हणून बेडकांचं वाहन होण्याचा शाप मिळाला, अशी थाप तो मारतो. राजा पाठीवर चढतो, मागोमाग मंत्री. दुसऱ्या दिवशी साप मुद्दाम रेंगाळतो. पोटात काही नाही, चालवत नाही म्हणतो. मग राजाच परवानगी देतो: बारकेसारके बेडूक खात जा. शेवटी बियाण्यापुरताही बेडूक उरत नाही.

विहीर की तळं, यात चूक झाली तर होऊ दे. गोष्ट कोण सांगतंय, हे मात्र गाळायचं नाही, आणि मुलांच्या पुस्तकांत नेमकं तेच गाळलेलं असतं. चौथ्या तंत्रात, म्हणजे पंचतंत्राच्या चौथ्या भागात, माकड मगरीला गंगदत्त ऐकवतं. मगर काळजावर टपलेली, माकड नुकतंच निसटलेलं. म्हणून ही निसटलेल्या बेडकाची गोष्ट आहे. तिसऱ्या तंत्रात सांगणारा आहे स्थिरजीवी कावळा. शरणागताचं सोंग घेऊन तो घुबडांत राहिला, त्यांना जाळून परतला, आणि शत्रूंत दिवस कसे काढलेस असं कावळ्यांच्या मेघवर्ण राजाने विचारल्यावर त्याने मंदविष सांगितला. ही गोष्ट सापाच्या बाजूची आहे! काम साधायचं तर शत्रूला खांद्यावरही वाहावं, हे तिचं सांगणं. तिच्याखाली ‘शत्रूवर विश्वास ठेवू नका’ असं तात्पर्य छापणं म्हणजे ती उलटी वाचणं.

मला स्वतःला गंगदत्तच जवळचा, तो त्या घोरपडीमुळे. दुसऱ्या विहिरींतले बेडूक आणतो असं सांगून तो सटकतो, आणि वाट पाहून थकलेला साप घोरपडीकरवी निरोप धाडतो. मुलांना सांगताना ही घोरपड वगळू नका. तिला गंगदत्त म्हणतो, भुकेला कोणतं पाप करणार नाही? बाई, प्रियदर्शनाला सांग, गंगदत्त आता विहिरीत परत यायचा नाही.