‘ॲटलास’ की ‘टॅप्रोबॅनिस’? सह्याद्रीतल्या मोठ्या पतंगाच्या नावामागचा इतिहास

दर पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर कुणाच्या तरी भिंतीवर वीतभर पसरलेला तांबूस पतंग येऊन बसतो. फोटो निघतो, बातमी येते: ‘दुर्मीळ ॲटलास फुलपाखरू आढळले.’ हे फुलपाखरू नव्हे, पतंग आहे, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. पण ‘ॲटलास’ हे नावही इथे बहुतेक वेळा चुकतं, आणि ती चूक जुनी आहे.

मूळ नाव स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनेयसचं. त्याच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती 1758 साली निघाली आणि प्राण्यांची शास्त्रीय नावं तिथूनच मोजली जातात. त्यात सगळी फुलपाखरं ‘पॅपिलिओ’ या वंशात होती. ‘स्फिंक्स’ वंशातले पतंग वगळता उरलेले जवळजवळ सगळे पतंग त्याने ‘फॅलेना’ या एकाच वंशात कोंबले होते. आपला पतंग तेव्हा झाला ‘फॅलेना ॲटलास’. पंखांवरच्या नकाशासारख्या नक्षीमुळे हे नाव पडलं असं सर्रास सांगतात, पण मला ते पटत नाही. लिनेयसने याच गटातल्या इतर पतंगांना लुना, पॅफिया, हेस्पेरस अशी ग्रीक-रोमन पुराणांतली नावं दिली आहेत. त्या रांगेत आकाश पेलणारा ॲटलासच शोभतो.

बाराव्या आवृत्तीत, 1767 साली, ‘फॅलेना’तल्या एका गटासाठी ‘ॲटॅकस’ हे नाव आलं. पुढे अवाढव्य ‘फॅलेना’ फुटत गेला आणि हा पतंग ‘ॲटॅकस ॲटलास (लिनेयस, 1758)’ म्हणून स्थिरावला. लिनेयसभोवतीचा कंस शोभेचा नाही. जातीचं नामकरण झालं तेव्हा ती दुसऱ्या वंशात होती, एवढं तो सांगतो. कुलाचं नाव सॅटर्निडी, ते 1837 साली बॉइसदुव्हाल या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने दिलं. विदर्भात ऐनाच्या झाडांवर वाढणारा टसरचा पतंग याच कुलातला आहे. तुतीवरचा रेशीमकिडा मात्र वेगळ्या कुलातला.

खरी गुंतागुंत सुरू होते ती श्रीलंकेत. फ्रेडरिक मूर या इंग्रज अभ्यासकाने 1880 ते 1887 या काळात सिलोनच्या फुलपाखरांवर आणि पतंगांवर तीन खंड काढले. त्यांतल्या चित्रांमागे पेरादेनियाच्या दि अल्विस घराण्यातल्या चित्रकारांचा हात होता, आणि त्यांचं नाव मूरच्या बरोबरीने घेतलं जायला हवं. तिथल्या पतंगाला मूरने वेगळी जाती मानून ‘ॲटॅकस टॅप्रोबॅनिस’ म्हटलं. टॅप्रोबेन हे ग्रीकांनी लंकेला दिलेलं नाव. त्याचं मूळ ‘ताम्रपर्णी’त सांगितलं जातं, म्हणजे एका अर्थाने ते आपल्याच भाषांकडे परत येतं.

तरीही पुढे कित्येक दशकं दक्षिण भारतातला पतंग ‘ॲटलास’ म्हणूनच नोंदला गेला. पतंगांचे अमेरिकी अभ्यासक रिचर्ड पाइग्लर यांनी 1989 साली ‘ॲटॅकस’ या संपूर्ण वंशाची नव्याने छाननी केली. त्यांनी श्रीलंका आणि दक्षिण भारतातला टॅप्रोबॅनिस स्वतंत्र जाती म्हणून मांडला. पश्चिम घाटातल्या पतंगांना आता अभ्यासक याच नावाने ओळखतात.

म्हणून जुन्या नोंदीत किंवा संग्रहालयातल्या चिठ्ठीवर ‘ॲटलास’ दिसला, तर आधी ठिकाण पाहावं. हिमालयाचा पायथा किंवा ईशान्य भारत असेल तर नाव बरोबर असण्याची शक्यता मोठी. आंबोली किंवा कोयना असेल, तर चिठ्ठी बदलावी लागेल.