दोन पट्ट्यांच्या फटीतला गंधार

पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं, निघत नाही, ही तक्रार जुनी आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बाहेरचा रस्ता दाखवला, त्यामागे हेही एक कारण होतं. पियानोचं दुखणं तेच, आणि इथे त्याच पियानोवर ब्लूज वाजवायचं आहे. ब्लूज तर अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय गायकांच्या गळ्यातून आलेलं संगीत. त्यातला गंधार धड कोमलही नाही आणि धड शुद्धही नाही. सप्तकाचे १२०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप) धरले, तर पियानोवर कोमल गंधार ३०० वर आणि शुद्ध ४०० वर. गायक या दोहोंच्या मध्ये हवा तिथे रेंगाळतो; पियानोला तिथे पट्टीच नाही.

म्हणून वादक कानाला फसवतो. पांढरी एकला (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, इंग्रजी C) सा धरा. काळी दोन (कोमल ग) दाबून तेच बोट खाली पांढरी तीनवर (शुद्ध ग) घसरवा. काळी सुटताच तिचा डॅम्पर (तार दाबून गप्प करणारी गादी) तारेवर बसून आवाज मिटतो, त्याच क्षणी पांढरी वाजते आणि कानाला वळलेला एकच सूर ऐकू येतो. बोट काळीवर रेंगाळलं, तर दोन सुटे सूर ऐकू येतात आणि सगळी जादू जाते. नवशिक्यांचं इथेच बिनसतं. पांढरी तीनला सा धरलं, तर कोमल ग पांढरीवर आणि शुद्ध ग काळीवर येतो. बोट वर घसरत नाही, दोन बोटं लावावी लागतात. म्हणून सुरुवात पांढरी एक, चार किंवा पाचमधूनच करावी.

उजव्या हाताला सूर सहाच: सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. म्हणजे धानी रागाचे पाच आणि वर तीव्र मध्यम. पण धानी गायला लागू नका. इथे डाव्या हातात शुद्ध गंधार वाजत असतो, आणि उजव्यातला कोमल त्याला घासतो. ब्लूजची चव त्या घासण्यातच आहे.

डाव्या हाताचं काम दोन बोटांत भागतं. मध्य सप्तकाच्या सा च्या लगेच खालचे पांढरी तीन आणि काळी पाच एकत्र दाबा. हा सा चा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह). दोन्ही बोटं एकेक पट्टी खाली, म्हणजे काळी दोन आणि पांढरी सहा, की म चा. मूळ जागेपासून एकेक पट्टी वर, पांढरी चार आणि पांढरी सात, की प चा. क्रम असा (एक बार म्हणजे चार मात्रा): चार बार सा, दोन म, दोन सा, एक प, एक म, दोन सा. बारा बार, ४८ मात्रा. मिनिटाला ७२ च्या लयीत बरोबर ४० सेकंदांचं आवर्तन. हीच जोडी आणखी एक सप्तक खाली नेली, तर आवाज गढूळ होतो, कारण खर्जात जवळचे सूर कानाला वेगळे करता येत नाहीत.

पहिला आठवडा सा, कोमल ग आणि म या तीनच सुरांवर काढा. दोन बार वाजवा, दोन बार गप्प बसा. ही गप्प बसायची शिस्त सगळ्यात अवघड. मात्रेचे दोन तुकडे समान करू नका. पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण २:१. लय वाढली की हा फरक आपोआप कमी होतो.

२००८ साली अमेरिकेत सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात निजवून छोट्या कीबोर्डवर वाजवायला लावलं. उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं, चालू असताना मेंदूच्या पुढच्या भागातली, स्वतःवर पहारा ठेवणारी क्षेत्रं मंदावलेली दिसली. सहाच जण होते, तेव्हा फार ताणू नये. पण डाव्या हातावर लक्ष ठेवावं लागत असेल, तर तो पहारा उठणार कसा? चाचणी सोपी आहे: डाव्याचं आवर्तन न अडखळता चालू ठेवून कुणाला तरी आपला फोन नंबर उलटा सांगून बघा. जमला, की उजवा हात मोकळा सोडा.