मुलांच्या हाती ब्रश कसा आला

‘दाताला कीड लागली’ हे आपण आजही सहज म्हणून जातो. या शब्दांमागे एक फार जुनी समजूत आहे. दाताच्या आत खरोखरीच किडा असतो आणि तो दात पोखरत जातो, असे माणसाने हजारो वर्षे मानले. बाबिलोनच्या एका मातीच्या पाटीवर तर किडा देवापुढे रडतो आणि दात व हिरडी यांच्यामध्ये राहायला जागा मागून घेतो, अशी कथा कोरलेली आहे. पॅरिसचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली आपल्या ग्रंथात ही किड्याची गोष्ट अमान्य केली. तरीही कीड नेमकी लागते कशी, हे कळायला आणखी दीडेकशे वर्षे गेली.

जोवर दोष किड्याचा होता, तोवर सवयीला काही अर्थच नव्हता. दात ठणकू लागला की उपटायचा. त्यातून दुधाचा दात असेल तर ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून द्यायचा. हे वाक्य आजही ऐकू येते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते. दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते. ती वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य डब्ल्यू. डी. मिलर हे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले होते. त्यांनी १८९० मध्ये कोडे उलगडले. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दात विरघळवते. म्हणजे कीड हे प्राक्तन नव्हते, ती रोज थोडी थोडी घडणारी गोष्ट होती. रोज घडते, तर रोज थोपवताही येईल, हा विचार इथून सुरू झाला आणि त्याची पावले थेट शाळेकडे वळली.

१९०२ मध्ये एर्न्स्ट येसेन यांनी स्ट्रासबुर्गमध्ये शाळकरी मुलांसाठी नगरपालिकेचा दंत दवाखाना सुरू केला. अमेरिकेत ब्रिजपोर्टचे आल्फ्रेड फोन्स त्याही पुढे गेले. आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना त्यांनी १९०६ पासून दात स्वच्छ करण्याचे काम शिकवले आणि १९१३ मध्ये त्याचा अभ्यासक्रमच काढला. तिथून शिकून निघालेल्या स्त्रिया शहरातल्या शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात साफ करीत आणि ब्रश कसा फिरवायचा ते दाखवीत. न्यूझीलंडने १९२१ पासून तरुणींना दोन वर्षे शिकवून शाळांच्या दवाखान्यांत नेमले. हे काम मोठे होते, पण तिथल्या मुलांनी त्या दवाखान्याला नाव ठेवले ‘मर्डर हाउस’. दात भरले गेले आणि त्याबरोबर मनात धास्तीही भरली गेली. मोठेपणी दातांच्या डॉक्टरची पायरी टाळणारी कितीतरी माणसे अशाच अनुभवातून घडतात. म्हणूनच आता पहिला दात आल्यावर, वर्षाच्या आत, काहीही दुखत नसताना बाळाला दाखवून आणा, असे सांगतात.

ब्रशचा अर्थ मात्र बदलला तो फ्लोराइडमुळे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये १९०१ साली दवाखाना थाटलेल्या फ्रेडरिक मॅके यांना तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. पुढे ध्यानात आले की हे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत. कारण सापडायला १९३१ साल उजाडले: पाण्यात मुरलेले फ्लोराइड. डाग पडणार नाहीत पण दात टिकतील, असे बेताचे प्रमाण ठरले आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते प्रथम मिसळले गेले. पन्नाशीच्या दशकात ते टूथपेस्टमध्येही आले. त्याआधी घासणे म्हणजे झाडलोट होती, आता ते औषध लावणेही झाले. म्हणून फेस थुंकावा, पण लगेच खळखळून चूळ भरू नये. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

साखरेचा धडा मात्र फार महाग पडला. स्वीडनमधल्या विपेहोल्म संस्थेत १९४७ पासून बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या गेल्या. त्यांची संमती कोणी घेतली नाही आणि अनेकांचे दात गेले. १९५४ मध्ये निष्कर्ष छापून आले: साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दातांना किती वेळ चिकटून राहिली, हे महत्त्वाचे. ‘मधल्या वेळेला गोड नको’ या साध्या वाक्यामागे ही माणसे उभी आहेत, हे विसरता कामा नये. प्रत्येक गोड घासानंतर तोंडातले आम्ल काही मिनिटांत वाढते आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसभर थोडे थोडे चघळणाऱ्या मुलाच्या लाळेला ती उसंतच मिळत नाही.

बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळांच्या किडीवर १९६२ मध्ये दंतवैद्य एलायस फास यांनी लिहिले. अशा बाळाचा वरचा ओठ अलगद उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असते आणि तेवढ्यावर असेतो ती मागे फिरवता येते. खालचे पुढचे दात जिभेआड असल्यामुळे बहुधा वाचतात. पुढे १९९४ च्या सुमारास या दुखण्याच्या नावातून ‘बाटली’ वगळावी असे ठरले, कारण बाटली हे त्याचे एकमेव कारण नव्हते. मला हा बदल मोलाचा वाटतो. जुन्या नावातच आईवर ठपका होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. मिलर यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी ही संख्या. ब्रश पोहोचला तिथेही तो एकट्या मुलाच्या हाती सोपवला गेला, हे मला यामागचे एक कारण वाटते. चार वर्षांचे मूल आरशासमोर पुढचे चार दात मन लावून घासते, मग ब्रश चावत उभे राहते. मागे पोहोचण्याइतकी त्याची बोटे अजून वळत नसतात. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा असतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे पहिली पक्की दाढ येते. कोणताही दात न पडता ती गुपचूप उगवते, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. उगवताना ती शेजारणीपेक्षा खुजी असते आणि पुढे-मागे फिरणारा ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून त्या एका दाढेला वेगळे घासावे लागते.