मुखशल्यक्रिया

दात, हिरड्या, जबडे, जीभ, टाळू व लाळग्रंथी यांवरील शस्त्रक्रियांना दिलेली संज्ञा. हलणारा दात उपटणे हीसुद्धा शास्त्रदृष्ट्या शस्त्रक्रियाच. व्यवहारात मात्र हिरडी कापावी लागली, हाड कोरावे लागले किंवा टाके पडले, तरच लोक ‘ऑपरेशन’ म्हणतात.

सुश्रुतसंहितेत ६५ मुखरोग सांगितले आहेत. त्यांपैकी आजची अक्कलदाढ नेमकी कोणत्या रोगात बसते, हा जुना वाद आहे. एक पक्ष ‘वर्धन’कडे बोट दाखवतो : तीव्र वेदनेसह येणारा आणि उगवल्यावर दुखणे शमणारा दात. परंतु संहिता त्याला ‘अधिक’ दात म्हणते व तो काढून त्या जागी डाग द्यायला सांगते. अक्कलदाढ तर बत्तिशीतलीच. दुसरा पक्ष ‘अधिमांस’ सुचवतो : शेवटच्या दाढेपाशी मोठी, फार ठणकणारी, लाळ गाळणारी सूज. ती कापून वर वेखंड, पाठा, जवखार इत्यादींचे चूर्ण मधातून लावावे, असा उपचार आहे. हे वर्णन अर्धवट उगवलेल्या दाढेवरील हिरडीच्या सुजेशी अधिक जुळते. मात्र दाढ हाडात अडकल्याचा निर्देश तेथे नाही. संहितेचा काळ इ. स. पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत कुठेही धरला जातो. डल्हण हा टीकाकार नागार्जुनाला संहितेचा प्रतिसंस्कर्ता, म्हणजे जुना ग्रंथ नव्याने संपादित करणारा, मानतो. तेव्हा उपलब्ध पाठ एका हातचा नसावा.

याच ग्रंथात वरचा दात हलत असला तरी काढू नये, रक्त अति जाऊन माणूस काणा होतो किंवा तोंड वाकडे होते, असा इशारा आहे. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही सातारा-सांगलीकडे अजून ऐकू येणारी समजूत त्याच परंपरेतली असावी. दाढ काढण्याचा डोळ्याच्या दृष्टीशी संबंध नाही. वरच्या दाढांच्या मुळांशेजारी वरच्या जबड्याच्या हाडातील पोकळी असते, एवढे जपावे लागते. मज्जातंतूची खरी जोखीम खालच्या अक्कलदाढेत आहे : ओठाला संवेदना देणारी शीर तिच्या मुळांलगत जाते आणि दुखावल्यास ओठ-हनुवटी बधिर राहू शकते.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान येते. वारंवार सूज, शेजारच्या दाढेला कीड किंवा मुळाशी द्रवाची गाठ झाल्यास ती काढतात. त्रास नसताना काढावी का, याबद्दल मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये २००० साली दिलेला सल्ला ‘काढू नये’ असा होता आणि तो सयुक्तिक वाटतो. काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरावी लागते. ती निसटली तर दोन-चार दिवसांत उघड्या हाडाची ठणक कानापर्यंत जाते. म्हणून तंबाखू वर्ज्य. मिश्री लावणाऱ्या बायकांना हे निराळे सांगावे लागते, कारण अनेकजणी मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत. ते त्यांचे दात घासण्याचे साधन असते.

पू काढणे, मुळाचे टोक छाटणे, जिभेखालचा आखूड पडदा सोडवणे, दंतरोपण, अपघातात मोडलेला जबडा पट्टी-स्क्रूने सांधणे, दुभंगलेली टाळू शिवणे व संशयित व्रणाचा तुकडा तपासणीस घेणे हे इतर नेहमीचे प्रकार. दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण दाखवावाच. कराड, सांगली व कवलापूर येथे दंत महाविद्यालये आहेत. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांत गालाच्या आतील त्वचा तंतुमय होऊन तोंड उघडेनासे होते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवला. १९५३ मध्ये मुंबईत जोशी यांनी वापरलेले ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव टिकले. राज्यात गुटखाबंदी २०१२ ची. पण मूळ कारण सुपारी आहे. उभी तीन बोटे दातांमध्ये मावतात का, ही साधी चाचणी. फारच आखडल्यास तंतुपट्टे कापून त्या जागी गालातील चरबी किंवा शेजारची त्वचा बसवतात. पुढे कित्येक महिने तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो; तो सुटला की जबडा पुन्हा आखडू लागतो.