‘जर्नीमन’ म्हणजे भटका कारागीर नव्हे

इंग्रजीत ‘जर्नी’ म्हणजे प्रवास, म्हणून ‘जर्नीमन’ म्हणजे गावोगाव हिंडून काम करणारा कारागीर, असा अर्थ वर्षानुवर्षे सांगितला जातो. तो चुकीचा आहे.

‘जर्नी’चं मूळ प्रवासात नाहीच, ते दिवसात आहे. लॅटिन ‘डायर्नम’, म्हणजे दिवसाचं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘जुर्ने’ आला: एक दिवस, एका दिवसाचं काम किंवा एका दिवसाची वाटचाल. १३व्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत शिरला, तेव्हा हे सगळे अर्थ बरोबर घेऊनच. पुढे दिवसाचं बंधन सुटलं आणि कितीही लांबचा प्रवास ‘जर्नी’ झाला. कामाचा अर्थ विरला, पण ‘जर्नीमन’मध्ये तो टिकून राहिला. उमेदवारी संपवलेला, पण अजून स्वतः उस्ताद न झालेला, दिवसाच्या मजुरीवर राबणारा कारागीर तो. आपला रोजंदारीवरचा माणूसच! आपल्याकडेही ‘रोज’ हा शब्द दिवस आणि मजुरी दोन्हींसाठी चालतो.

गैरसमज का रुजला, हे समजण्यासारखं आहे. जर्मनीत शिकून तयार झालेले कारागीर खरोखरच काही वर्षं देशोदेशी फिरत. पण ती तिथली रीत, या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती नव्हे. आता संघ बदलत राहणाऱ्या खेळाडूलाही ‘जर्नीमन’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ वाढतो.

मला मात्र ‘जर्नी’ वाचलं की आपली ‘मजल’ आठवते. तीही एका दिवसाचीच चाल. ‘मजल दरमजल’ म्हणताना आपण दिवसच मोजत असतो.